भट्टी थांबली, जिना चालू राहिला

पूर्व जर्मनीतल्या लाउसित्झ भागात लिश्टरफेल्ड नावाचे खेडे आहे. त्याच्या वेशीवर ५०२ मीटर लांबीचे आणि सुमारे ११ हजार टन वजनाचे एक पोलादी यंत्र आडवे पसरले आहे. त्याचे नाव एफ-६०. तपकिरी कोळशाच्या थरावरची माती खोदयंत्रांनी उकरायची आणि या पुलाने ती पट्ट्यांवरून खाणीच्या पलीकडे नेऊन टाकायची, असा हा कारभार. १९९१ मध्ये यंत्र कामाला लागले आणि १९९२ मध्ये थांबले. जर्मनीचे एकीकरण झाले होते, ऊर्जेचे धोरण बदलले होते आणि खाणीची गरज उरली नव्हती. एवढा अवाढव्य सांगाडा दीड वर्षही चालला नाही. पुढचे पाऊल ठरलेले होते: सुरुंग लावायचा आणि लोखंड वजनावर विकायचे. त्या छोट्या ग्रामपंचायतीने मात्र तो ठेवायचा ठरवले. २००२ पासून लोक तिकीट काढून, हेल्मेट घालून त्याच्या माथ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ७५ मीटर उंचीपर्यंत चढतात. खाणीच्या खड्ड्यात आता तलाव आहे.

उद्योग बंद पडला की उरलेल्या उंच सांगाड्याचे काय करायचे, हा प्रश्न युरोपात गेल्या चाळीसेक वर्षांत शेकडो ठिकाणी आला. ‘वर जिना आणि कठडा करून लोकांना शहर दाखवायचे’ हे उत्तर त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी निघाले. ते ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात काही जागी झकास जमले, काही जागी फसले, आणि काही जागी दिसायला उत्तम असूनही मनाला पटत नाही. हा फरक कशाने पडतो ते पाहणे महत्त्वाचे, कारण महाराष्ट्रातही हा प्रश्न दारात उभा आहे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. हे सांगाडे बघण्याजोगे आहेत, हे लोकांना मुळात पटवावे लागले. कारखान्याजवळ राहणाऱ्याला त्यात धूर, काजळी आणि पाळीचा भोंगा दिसतो. सौंदर्य दिसत नाही. बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने १९५९ पासून पाण्याचे मनोरे, गॅसच्या टाक्या, खाणींवरचे पाळण्यांचे मनोरे आणि झोतभट्ट्या यांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. सपाट उजेड, समोरून कॅमेरा, चौकटीत माणूस नाही. एकाच जातीची नऊ-बारा बांधकामे शेजारी शेजारी लावली की त्यांतले नमुने आणि फरक उठून दिसत. १९९० च्या व्हेनिस द्वैवार्षिकात त्यांना सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेचा. छायाचित्रांना शिल्पाचे बक्षीस! बंद कारखाना ही पाहण्याची वस्तू आहे हे कलेच्या जगाने तोवर मान्य केले होते. नगरपालिकांना पटायला अजून वेळ लागायचा होता.

ते काम ऱ्हूर खोऱ्यात झाले. १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षे तिथे एम्शर पार्क नावाची आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शनी चालली. प्रदर्शनी म्हणजे तंबू आणि स्टॉल नव्हेत. एम्शर ही सांडपाण्याचे गटार झालेली नदी आणि तिच्या काठचा बंद पडलेला पट्टा सुधारण्याचा तो सरकारी कार्यक्रम होता. कार्ल गान्झर हे त्याचे संचालक. ‘पाडू नका, आधी थांबा’ हे त्यांचे धोरण. पुढची बहुतेक उदाहरणे याच दहा वर्षांची लेकरे आहेत किंवा त्यांची नक्कल.

सगळ्यात समजून घेण्यासारखे उदाहरण ड्युइसबुर्गचे. माइडरिख भागातला थिसेन कंपनीचा लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. तिथे १८० हेक्टरांचे उद्यान करायचे ठरले आणि आराखडा पेटर लाट्स या उद्यानरचनाकाराकडे आला. लाट्स यांनी भट्ट्या पुसून हिरवळ अंथरली नाही. आहे ते तसेच ठेवले, गंजाला गंज म्हणून राहू दिले, झाडांना हवे तिथे उगवू दिले. जिथे विष फार होते ती सिंटर शाखा मात्र पाडली. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून पाणबुड्यांचा तलाव केला, धातुकाच्या बंकरांच्या भिंती गिर्यारोहकांना दिल्या, ओतीव कामाच्या ४९ पोलादी पत्र्यांचा चौक केला. आणि पाच नंबरच्या झोतभट्टीवर लोकांना सुमारे ७० मीटर उंचीपर्यंत चढू दिले. त्याला तिकीट नाही.

झोतभट्टीवरून शहर का दिसते, हे जरा जवळून पाहू. धातुक, कोक आणि चुनखडी हे सगळे वरून, थरावर थर असे टाकायचे असते. खालून तापवलेल्या हवेचा झोत सोडायचा. वितळलेले लोखंड तळाशी जमते आणि भोकातून बाहेर काढतात. म्हणून भट्टी उंच, म्हणून तिला माथ्यापर्यंत नेणारी तिरपी घसरण, तीवर चढणाऱ्या बादल्या, आणि देखभाल करणाऱ्यांसाठी भोवती लोखंडी मार्गिका. माथ्यावर बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असे. वास नाही, रंग नाही. माथ्यावर काम करणारा माणूस गुंगी आली तरी उशिरा ओळखायचा. आज जिथे उभे राहून पर्यटक ऱ्हाइनच्या दिशेने फोटो काढतात, ती जागा कामगारांच्या लेखी अख्ख्या कारखान्यातली धोक्याची होती. हे कुठल्याही फलकावर लिहिलेले नसले तरी चालते, पण चढणाऱ्याला ते कळायला हवे. माझ्या मते या कामाची पहिली कसोटी हीच आहे: वर गेलेल्या माणसाला शहर तर दिसावेच, पण ज्यावर तो उभा आहे ते काय होते हेही उमगावे.

ही कसोटी उत्तम उतरते ती मेक्सिकोतल्या मोन्तेर्रे इथे. तिथली फुंदिदोरा ही पोलाद कंपनी १९०० मध्ये स्थापन झाली आणि १९८६ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली. तीन नंबरची भट्टी १९६८ ची. २००७ मध्ये ग्रिमशॉ यांच्या आराखड्याने तिचे पोलाद संग्रहालय झाले. वास्तुरचनाकाराने इथे एक अतिशय साधी गोष्ट केली: धातुकाच्या बादल्या ज्या तिरप्या घसरणीवरून माथ्यावर जात, त्याच घसरणीवर लोकांची लिफ्ट बसवली. म्हणजे पाहुणा धातुकाच्या वाटेने वर जातो, चाळीसेक मीटरवर उतरतो आणि भट्टीच्या माथ्यावर पोहोचतो. मालाची वाट हीच माणसाची वाट. वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एस्सेनच्या झोलफेराइन खाणीत, जी १९८६ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये जागतिक वारशात आली, कोळसा धुण्याच्या इमारतीत असेच केले आहे. रेम कूलहास यांच्या ओएमए संस्थेने बाहेर एक लांबलचक सरकता जिना लावला. त्याने आधी वर जायचे आणि मग कोळसा जसा एकेक मजला खाली येई तसे संग्रहालय पाहत खाली यायचे. छतावरून सगळे खोरे दिसते.

चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्राव्हामध्येही माणसे बादल्यांच्या वाटेनेच वर जातात. १८२८ मध्ये सुरू झालेल्या व्हित्कोव्हित्सेच्या कारखान्यात शेवटचे लोखंड २७ सप्टेंबर १९९८ रोजी निघाले. योझेफ प्लेस्कोत या वास्तुरचनाकाराने गॅसच्या टाकीचे सभागृह केले. ते काम लाजवाब आहे. २०१५ मध्ये एक नंबरच्या भट्टीवर काच आणि पोलादाचा नवा मजला चढवला गेला. वर कॅफे आणि नाव बोल्ट टॉवर. हा बोल्ट म्हणजे धावपटू युसेन बोल्ट. ओस्ट्राव्हाच्या गोल्डन स्पाइक स्पर्धेत तो अनेकदा धावला आहे, शहराला त्याचे कौतुक आहे, हे मान्य. पण १७० वर्षे लोखंड वितळवणाऱ्या गावात सर्वात उंच जागेला नाव द्यायला एकही भट्टीवाला सापडू नये? कॅफेतून दिसणारा देखावा सुरेख असेल. तरीही भट्टीचा चौथरा करून तिच्या डोक्यावर वेगळेच काही उभे केले, असे मला वाटते.

भट्ट्यांखेरीज दुसरी सोयीची जात म्हणजे खाणीवरचे पाळण्यांचे मनोरे. उघडे पोलाद, माथ्यावर मोठी चाके, त्यांच्यापर्यंत देखभालीचा जिना. टनांनी वजन ओढणाऱ्या या सांगाड्याला पन्नास-शंभर माणसांचा भार म्हणजे काहीच नाही. बोखुमच्या खाण संग्रहालयाने तर १९७० च्या दशकात गेर्मानिया खाणीवरचा मनोराच सोडवून आणून आपल्या छतावर पुन्हा उभा केला. ७१ मीटर उंचीचा तो मनोरा आता गावाची खूण आहे. पोलंडमध्ये काटोविट्सेच्या सिलेशियन संग्रहालयाने २०१५ मध्ये जुन्या खाणीच्या आवारात नवी दालने जमिनीखाली बांधली आणि ‘वार्शावा’ शाफ्टच्या मनोऱ्यात काचेची लिफ्ट बसवली. खाली संग्रहालय, वर शहर.

गॅसच्या टाक्यांमध्ये ओबरहाउझेनची टाकी अजस्र आहे: ११७ मीटरांहून उंच, १९२९ मध्ये पुरी झालेली, १९८८ मध्ये बंद. आतला गॅस वाढला की तरंगत वर जाणारी पोलादी तबकडी आता जमिनीजवळ कायम बसवली आहे आणि तिच्यावर प्रदर्शने भरतात. १९९९ मध्ये क्रिस्टो आणि जान-क्लोद यांनी तिथे १३ हजार पिंपांची भिंत रचली होती. काचेच्या लिफ्टने टाकीच्या पोटातून छताकडे जाता येते. इथे दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे रंगकाम. काही वर्षांपूर्वी गंज काढून नवा थर चढवण्यासाठी ही टाकी दीर्घकाळ बंद ठेवावी लागली आणि २०२१ मध्ये उघडली. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापणाऱ्यांना हे आठवत नाही, की उघड्या पोलादाला दर काही दशकांनी पुन्हा तेवढाच खर्च लागतो. आपल्याकडे तर पावसाळा आणि समुद्राची खारी हवा आहे.

पाण्याचे मनोरे पटकन आटोपतो, कारण ते सर्वात सोपे: आत पोकळी, कडेने जिना, वर टाकी. बुडापेस्टमधला मार्गारेट बेटावरचा, बालाटोन सरोवराकाठी शिओफोकचा, नेदरलँड्समध्ये सिंट यान्सक्लोस्टरचा. टाकीला खिडक्या पाडल्या की झाले. पण क्रोएशियातल्या वुकोव्हारचा मनोरा सोडून पुढे जाता येत नाही. १९९१ च्या वेढ्यात त्याला सहाशेहून अधिक तोफगोळे लागले आणि तो पडला नाही. २०२० मध्ये तो स्मारक म्हणून उघडला, तेव्हा भोके बुजवली नव्हती. वर चढून गाव पाहायचे ते त्याच फुटक्या विटांमधून. तिथे दुरुस्ती करणे म्हणजे पुसून टाकणे झाले असते, आणि ते न करण्याची समज तिथल्या लोकांनी दाखवली.

आता अवघड जाती. धान्याचे सायलो म्हणजे जाड काँक्रीटच्या बिनखिडकीच्या नळ्या. त्यांना कापावे लागते. केपटाउनच्या १९२० च्या दशकातल्या सायलोत २०१७ मध्ये झाइट्झ कलासंग्रहालय उघडले. थॉमस हेदरविक यांनी नळ्या आतून कोरून मोठे दालन काढले, त्याची जगभर वाखाणणी झाली. पण सायलोच्या सगळ्यात वरच्या भागात आहे आलिशान हॉटेल. म्हणजे कला सगळ्यांना, देखावा खोली घेणाऱ्याला.

इथे दुसरी कसोटी येते: वरची जागा कोणाची? लंडनची बॅटरसी वीजनिर्मिती केंद्राची इमारत १९८३ मध्ये बंद झाली आणि जवळजवळ तीन दशके एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. शेवटी २०२२ मध्ये दुकाने, कचेऱ्या आणि महागड्या सदनिका घेऊन ती उघडली. २०२३ मध्ये वायव्येच्या चिमणीत गोल काचेची लिफ्ट सुरू झाली. १०९ मीटरवर ती चिमणीच्या तोंडातून बाहेर निघते, काही मिनिटे थांबते आणि खाली येते. तिकीट चांगलेच आहे. आणि ती चिमणी मूळची नाही. चारही चिमण्यांचे काँक्रीट खराब झाले होते, म्हणून त्या पाडून हुबेहूब तशाच नव्या बांधल्या. त्या नव्या, काँक्रीटने बांधलेल्या चिमणीत लिफ्ट बसली. अभियांत्रिकी म्हणून उत्तम. पण हा वारसा आहे की वारशाच्या आकाराची लिफ्ट, हा प्रश्न उरतोच.

लंडनमधलीच दुसरी कथा उलट बाजूची. बंद पडलेल्या बँकसाइड वीज केंद्राचे टेट मॉडर्न संग्रहालय झाले. त्याच्या २०१६ च्या नव्या इमारतीवर दहाव्या मजल्यावर फुकट गॅलरी होती. समोर काचेच्या भिंतींच्या श्रीमंत सदनिका. पाहणारे तिथे डोकावू लागले, फोटो काढू लागले. रहिवासी कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा निकालाने रहिवाशांची बाजू उचलून धरली. कायद्याचे बारकावे वकिलांवर सोडू. पण नकाशा पाहणाऱ्याला एवढे कळते, की मनोऱ्याच्या आसपास नंतर काय बांधू देणार हे आधी ठरवले नाही, तर मनोरा एक दिवस बंद पडतो.

आणि आता आपण. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव हळूहळू रिकामे झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झाला आणि लोकांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तीच दुरुस्ती टिकली. पुढे लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागी देशातल्या सर्वांत उंच निवासी मनोऱ्यांपैकी एक उभा राहिला. तिथून समुद्र दिसतो. लालबागच्या चाळीतल्या माणसाला तो पाहायचा असेल, तर त्याला तिथे कोणी ओळखीचे असावे लागते. गिरणगावात उंचीची कमी नाही. सार्वजनिक उंची मात्र जवळपास शून्य आहे.

मग गिरण्यांच्या चिमण्या? फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या गजबजाटात अजून उभी आहे, आणखी काही इकडेतिकडे दिसतात. त्यांच्यावर लोकांना चढवा, अशी कल्पना अधूनमधून मांडली जाते. मला ती पटत नाही. विटांच्या चिमणीला आत मजले नसतात, पोलादाचा आधार नसतो, व्यास वर जाताना निमुळता होतो. तिच्यात जिना घालायचा तर आत वेगळा सांगाडा उभारावा लागेल, आणि संकटात बाहेर पडायला एकच वाट राहील. बॅटरसीने चिमणी नव्याने बांधली म्हणून तिथे जमले. आपल्या चिमण्यांचे सांधे तपासावेत, वीजवाहक नीट करावेत, झाडे उपटावीत आणि त्या खालून पाहाव्यात. कोल्हापूरच्या शाहू मिलची चिमणीसुद्धा, जिच्यामागे १९०६ पासूनचा इतिहास आहे, अशीच जपलेली बरी.

चढायला गिरणीत दुसरी जागा असते. बऱ्याच गिरण्यांना दगडी किंवा विटांचे जिन्याचे बुरूज असत आणि आगीच्या बंदोबस्तासाठी वर पाण्याची टाकी. पक्का जिना, जाड भिंती, वर सपाटी. वेगळे काही शोधावे लागत नाही. तिथून करवती दातांची छपरे, साचेखात्याची लांबी आणि भोवतीच्या चाळी एका नजरेत येतील. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयाची महापालिकेची योजना कित्येक वर्षे रखडत चालली आहे. तिच्यात असा एक बुरूज लोकांना उघडा करायला हरकत नसावी. बिनतिकीट, आणि चढताना भिंतीवर त्या गिरणीत काम केलेल्यांची नावे.

अशा सांगाड्यांचा मुंबईपेक्षा मोठा साठा विदर्भ-मराठवाड्यात आहे. नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्सने खाण पर्यटन सुरू केले आहे. लोक आवडीने जातात. पुढे या पट्ट्यातल्या खाणी एकेक करून थांबतील, तेव्हा कोळसा हाताळणीचे मनोरे आणि पाळण्यांचे सांगाडे उरतील. परळी वैजनाथच्या जुन्या औष्णिक केंद्राचे संच बंद पडलेच आहेत. बंद पडलेल्या साखर कारखान्यांची तर मोजदादच नको. यांतले सगळे ठेवण्याच्या लायकीचे नाही. शीतक मनोऱ्याचे कवच पातळ असते, तो चढायच्या कामाचा नाही. कोकच्या भट्टीजवळची माती विषारी असू शकते. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या छपरांत ॲस्बेस्टॉस सापडते, ते काढायला पैसे लागतात. पाचांतला एक सांगाडा वाचला तरी खूप झाले.

अडचण अशी, की आपल्याकडे निर्णय उलट्या क्रमाने होतो. कारखाना अवसायनात निघतो, यंत्रे आणि लोखंड भंगाराच्या लिलावात जाते, गॅस कटर फिरतो आणि मग एखादा स्थानिक नगरसेवक ‘इथे काहीतरी स्मारक व्हावे’ म्हणतो. लिश्टरफेल्डच्या ग्रामपंचायतीने सुरुंगाच्या आधी हात वर केला होता, नंतर नाही. म्हणून मागणी एवढीच आहे: बंद उद्योगाच्या लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी तिथल्या उंच बांधकामांची पाहणी, मोजमाप आणि छायाचित्रे बंधनकारक करावीत, आणि कोणता सांगाडा ठेवायचा यावर गावाची हरकत-सूचना मागवावी. मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे. जिल्ह्याच्या गावांत ती पोहोचवणे सरकारला अशक्य नाही. तुमच्या तालुक्यात एखादी गिरणी, सूतगिरणी किंवा साखर कारखाना कुलूप लावून उभा असेल, तर त्याची लिलावाची नोटीस लागण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना एक अर्ज टाका. नंतर टाकलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही.